परदेशी सेवायोजन आणि वेतनवाटप

एका देशात असलेल्या मालकाने दुसऱ्या देशात राहणाऱ्या, अथवा दुसऱ्या देशात जाऊन काम करणाऱ्या, व्यक्तीस वेतन देऊन कामावर ठेवणे यास परदेशी सेवायोजन असे म्हणतात. अशा वेळी मालक एका कायद्याखाली व कामगार दुसऱ्या कायद्याखाली असतो. दोघांमधील अंतर, भाषा व कायद्याचे अज्ञान यांमुळे वेतन मोजण्याचे व वाटण्याचे काम बहुधा एखाद्या तिसऱ्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे जाते. गलबतावरील सारंग, गिरमिटाच्या काळातील भरती-दलाल, बांधकामावरील मुकादम आणि एकविसाव्या शतकात शंभराहून अधिक देशांत पगार वाटून देण्याची हमी घेणाऱ्या कंपन्या, ही सर्व या तिसऱ्या घटकाचीच रूपे होत.

या विषयात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळलेले आढळतात. पगाराचा हिशेब कोणी करावा, हा पहिला प्रश्न. तो सोयीचा असून त्याचे उत्तर मालकाने हवे तसे द्यावे. कायद्याच्या दृष्टीने मालक कोण, हा दुसरा प्रश्न. पगार थकला, अपघात झाला किंवा काम सुटले, तर कामगाराने कोणाकडे दाद मागावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेण्याचे प्रयत्न आणि ते निष्फळ करण्यासाठी निरनिराळ्या देशांनी केलेले कायदे यांमधून या विषयाचा इतिहास घडला आहे.

सागरी नोकरी : देशोदेशींच्या कामगारांना एका मालकाखाली आणणारा सर्वांत जुना व्यवसाय जहाजांचा होय. यूरोपीय जहाजांवर काम करणारे हिंदी खलाशी बंगाल, गुजरात, कोकण व गोवा या भागांतून येत. त्यांची भरती सारंग किंवा बंदरावरील दलाल करीत. उचल त्यांच्यामार्फतच दिली जाई आणि वेतनातील वाटाही तेच कापून घेत. जहाजाचा कप्तान सारंगास ओळखे. खलाशी त्याच्या लेखी बहुधा केवळ एक संख्या असे. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने हिंदी खलाशांना इंग्लंडमध्ये उतरवून वाऱ्यावर सोडण्यास आळा घातला व त्यांना स्वदेशी परत पाठविण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकली. मात्र त्याच कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशांचा दर्जा नाकारला. परिणामी एकाच जहाजावर दोन प्रकारचे करार व दोन वेतनश्रेणी पुढे दीर्घकाळ चालू राहिल्या. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीय खलाशांनी गावोगावच्या नावांनी चालविलेले ‘कूड’ हे या नोकरीचेच अपत्य होय. दोन सफरींच्या मधल्या बेकारीत राहण्याची सोय ना मालक करी, ना सारंग. ती गावकऱ्यांनी आपापसांत केली.

गिरमिट पद्धती : ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला व ऊसमळ्यांच्या मालकांनी मजुरांसाठी हिंदुस्थानकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरविले. पाच वर्षांचा करार व पुरुषास दरमहा पाच रुपये वेतन, शिवाय शिधा व कपडे, असे या पद्धतीचे सर्वसाधारण स्वरूप होते. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले व तेच नाव रूढ झाले.

या पद्धतीचा विचार तिच्या क्रौर्याच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. परंतु परदेशी सेवायोजनाच्या नियमनाचा पहिला मोठा प्रयोग म्हणूनही ती पाहण्याजोगी आहे. १८३७ च्या पाचव्या अधिनियमान्वये परदेशी जाणाऱ्या मजुराने सरकारी अधिकाऱ्यासमोर उभे राहून कराराच्या अटी समजल्याचे सांगावे, अशी तरतूद झाली. गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये हे स्थलांतरच बंद करण्यात आले. १८४२ मध्ये मॉरिशसपुरते ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतूनच मजूर पाठविण्याची परवानगी मिळाली आणि ‘प्रोटेक्टर’ म्हणजे स्थलांतरितांचा संरक्षक हा अधिकारी निर्माण झाला. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी भागातील, मराठी भाषिकांची संख्या लक्षणीय होती. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज होय. मजुरांची नावे, गावे व जाती नोंदविलेली दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन करण्यात आली आहेत.

कागदावर करार स्पष्ट होता, परंतु पगाराचे पुस्तक मळ्याच्या कचेरीत असे आणि तेथेच कराराचा अर्थ बदले. मजुराचा एक दिवस खाडा झाल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची मुभा मॉरिशसच्या कायद्याने मालकास दिली होती. या ‘दुहेरी कपाती’मुळे महिन्यात काही दिवस आजारी पडलेल्या मजुराच्या हाती जवळजवळ काहीच उरत नसे. वेतन महिनोन्‌महिने थकविणे, ही दुसरी नित्याची तक्रार होती. आदोल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये, करार संपलेल्या जुन्या मजुरांच्या ९,४०१ सह्यांचा अर्ज गव्हर्नरास सादर केला. त्यातून नेमल्या गेलेल्या शाही आयोगाने १८७५ मध्ये दिलेल्या अहवालात या तक्रारींपैकी बहुतेक खऱ्या ठरल्या. मूळ करारात खोट काढण्यासारखे फारसे नव्हते. पगारपत्रक लिहिणारा हात आणि त्याची तपासणी करणारा हात हे दोन्ही मळेवाल्यांच्याच वर्तुळातले होते, हे खरे दुखणे होते.

गिरमिट पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात लढा देणारे गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. नाताळ वसाहतीसाठी होणारी भरती थांबविण्याचा त्यांचा ठराव १९१० मध्ये मान्य झाला व १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. सबंध पद्धतीच रद्द करण्याचा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र सरकारने फेटाळला. करार करताना मजुरास आपण कोठे जात आहोत व करार मोडल्यास तुरुंगवास आहे याची कल्पना नसते, तेव्हा त्यास करार म्हणणेच चुकीचे, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. १९१७ मध्ये युद्धकालीन कायद्याने भरती थांबली व फिजीतील उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले. त्यानंतरच्या १९२२ च्या स्थलांतर अधिनियमाने, सरकारने अधिसूचित केलेल्या देशांखेरीज इतरत्र अकुशल मजुरांची भरती करण्यास बंदी घातली.

मध्यस्थाविरुद्ध पहिले कायदे : मध्यस्थाकडून होणारी पिळवणूक ही केवळ वसाहतींपुरती नव्हती. ब्रिटनमध्ये १८३१ च्या ‘ट्रक’ कायद्याने वेतन मालाच्या रूपाने न देता चलनी नाण्यांतच देण्याची सक्ती केली. फ्रान्समध्ये १८४८ च्या क्रांतीनंतर आठवडाभरातच, २ मार्च रोजी, मजुरांची टोळी ठेक्याने घेऊन त्यांच्या श्रमावर नफा कमावण्याच्या पद्धतीस हुकूमनाम्याने बंदी करण्यात आली. केवळ श्रमाचा व्यापार करू नये, हे त्यातील तत्त्व फ्रेंच श्रमसंहितेत आजही टिकून आहे. ब्रिटनच्या १८६७ च्या शेतमजूर-टोळ्यांच्या कायद्याने टोळीच्या मुकादमास परवाना घ्यावयास लावला. अमेरिकेने तर १८८५ मध्ये परदेशातून करार करून मजूर आणण्यासच बंदी केली. परदेशी माणूस आपण होऊन आला तर त्यास आडकाठी नव्हती, परंतु नोकरीचा करार खिशात घेऊन आल्यास तो परत पाठविला जाई. पुढे व्हिसासाठी नोकरीचा करारच आधी दाखवावा लागू लागला, हे लक्षात घेता हा नियम आज उफराटा वाटतो.

हे कायदे विस्मृतीत गेले, तरी त्यांची गरज संपली नव्हती. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकाम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यांना तेथे नेणारा एक टोळीप्रमुख होता. पाणी केव्हा चढते हे मजुरांना कोणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने टोळीप्रमुखांना परवाना सक्तीचा करणारा नवा कायदा केला.

पगारपत्रकाचे रूपांतर : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पगारपत्रक ही मालकाची खाजगी वही होती. हजेरी, दर, उचल व कपात एवढाच तिचा पसारा असे. सामाजिक विमा व प्राप्तिकर यांनी तिचे स्वरूप पालटले. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेची वर्गणी १९३७ पासून पगारातून कापली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात प्राप्तिकर देणाऱ्यांची संख्या सु. ४० लाखांवरून ४ कोटींवर गेली. एवढ्या लोकांकडून वर्षअखेर कर गोळा करणे अशक्य असल्याने १ जुलै १९४३ पासून तो दर पगाराच्या वेळीच मालकाने कापावा, असे ठरले. ब्रिटनमध्ये अशीच पद्धत एप्रिल १९४४ मध्ये सुरू झाली. भारतात कामगार राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा अधिनियम १९५२ मध्ये आला. अशा रीतीने प्रत्येक मालक हा शासनाचा बिनपगारी वसुली-कारकून बनला आणि पगारपत्रकातील चूक ही केवळ कामगाराशी झालेली चूक न राहता कायद्याचा भंग ठरू लागली.

या ओझ्यातूनच पगारपत्रक बाहेरच्या संस्थेकडून तयार करून घेण्याचा धंदा उदयास आला. न्यू जर्सीतील पॅटरसन या गिरण्यांच्या शहरात हेन्री टॉब या तरुण हिशेबनिसाने १९४९ मध्ये ‘ऑटोमॅटिक पेरोल्स’ ही संस्था काढली. एका कारखान्यातील पगार करणारा कारकून आजारी पडल्यामुळे कामगारांचे पगार लांबले व तेथे असंतोष माजला. ते पाहून टॉब यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नावात ‘ऑटोमॅटिक’ असले, तरी सुरुवातीची आकडेमोड हातांनी व साध्या गणकयंत्रांवरच होत असे. हीच संस्था पुढे ‘ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग’ या नावाने जगभर पसरली. पश्चिम जर्मनीत १९६६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे कर-सल्लागारांनी ‘डाटेव’ ही सहकारी संस्था स्थापन केली व संगणकाचा खर्च वाटून घेऊन आपापल्या अशिलांचे हिशेब व पगार करण्यास आरंभ केला. या संस्था फक्त हिशेब करीत. मालक मालकच राही. आकडेमोड चुकली तरी कर-अधिकारी नोटीस मालकालाच पाठवी. या व्यवसायाची ही मर्यादा स्पष्ट होती आणि म्हणूनच त्याबद्दल वाद फारसे झाले नाहीत.

भाड्याने कामगार : वाद झाले ते दुसऱ्या एका धंद्याबद्दल. १९४८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या ‘मॅनपॉवर’सारख्या संस्था तात्पुरते कामगार पुरवीत, ते कामगार संस्थेच्या पगारपत्रकावर असत व काम मात्र गिऱ्हाईकाकडे करीत. यूरोपातील अनेक देशांत नोकरी मिळवून देणे हा शासनाचा मक्ता असल्यामुळे हा धंदा बेकायदा ठरे. पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९६७ मध्ये, कामगार भाड्याने देणे हे नोकरी मिळवून देण्याहून वेगळे आहे, असा निर्णय देऊन मार्ग मोकळा केला. पुढे १९७२ च्या जर्मन कायद्याने परवाना सक्तीचा केला व एक कठोर कलम घातले : पुरवठादाराजवळ परवाना नसल्यास, कामगार ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम करतो तोच त्याचा मालक मानला जाईल. फ्रान्सनेही त्याच वर्षी तात्पुरत्या कामाचा कायदा केला. जपानमध्ये १९४७ पासून मजूर-पुरवठ्यास बंदी होती. ती १९८५ च्या कायद्याने अंशतः उठली.

भारतातील कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० यामधील योजना याहून निराळी व व्यवहारी होती. पगार कंत्राटदाराने वाटावा, पण त्या वेळी मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर राहावा व दिलेली रक्कम बरोबर असल्याचा दाखला त्याने द्यावा. कंत्राटदाराने पगार बुडविल्यास तो मुख्य मालकाने द्यावा व नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावा, असे त्याचे एकविसावे कलम सांगत असे. मॉरिशसच्या मळ्यांवर अशी एक सही असती तर पुष्कळ काही वेगळे घडले असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये केरळातील एका दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणी, कंत्राटदाराचा पडदा बाजूस सारून कामगारांच्या उपजीविकेवर आर्थिक नियंत्रण कोणाचे आहे ते पाहावे, असा दंडक घालून दिला. पुढील काळातील निकालांनी त्याची व्याप्ती कमी-अधिक केली. तरी ‘खरा मालक कोण’ हा प्रश्न विचारण्याची रीत त्यामुळे दृढ झाली.

यूरोपातील अनुभव : सीमा ओलांडून जाणाऱ्या कामगारास कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा, याचा सर्वांत बारीक ऊहापोह यूरोपीय समुदायात झाला, कारण तेथे माल, भांडवल व माणसे यांची वाहतूक मोकळी, परंतु श्रमविषयक कायदे मात्र प्रत्येक देशाचे वेगळे. सामाजिक विम्याबद्दलचे पहिले नियम १९५८ मध्येच झाले. जेथे काम तेथला विमा हे त्यांचे मूलतत्त्व असून थोड्या काळासाठी पाठविलेल्या कामगारास त्यातून सूट होती. मॅनपॉवरच्या स्ट्रासबर्ग येथील कचेरीने जर्मनीत पाठविलेल्या एका कामगारास अपघात झाला, तेव्हा या सुटीचा लाभ मजूर-पुरवठा संस्थेलाही मिळतो, असे यूरोपीय न्यायालयाने १९७० मध्ये ठरविले. कामगार स्वदेशीच्याच विम्यात आहे, हे दाखविणाऱ्या प्रमाणपत्रास तेव्हापासून महत्त्व आले. प्रामाणिक मालकास त्यामुळे दोनदा वर्गणी भरावी लागत नाही. अप्रामाणिक मालकास मात्र, कामगार स्वस्त विमा असलेल्या देशातून ‘पाठविल्याचे’ भासविण्याची वाट मिळाली.

करारात कोणत्या देशाचा कायदा लावावा हे पक्षांनी ठरवावे, हा व्यापारी करारांचा सामान्य नियम. १९८० च्या रोम कराराने नोकरीच्या बाबतीत त्यास मोठा अपवाद केला. करारात कोणताही कायदा निवडलेला असो, कामगार नेहमी ज्या देशात काम करतो तेथील कायद्याने दिलेले सक्तीचे संरक्षण त्याच्याकडून काढून घेता येत नाही, असे त्याने ठरविले. २००८ च्या यूरोपीय नियमावलीतही हीच तरतूद कायम राहिली. परदेशात माणूस ठेवू इच्छिणाऱ्या मालकाने प्रथम शिकावयाचा धडा हाच होय. स्वदेशातील छापील करारपत्र परदेशी पाठवून सही घेतल्याने स्वदेशाचा कायदा त्याबरोबर जात नाही.

एका पोर्तुगीज बांधकाम कंपनीने फ्रान्समधील रेल्वेच्या कामावर आपलेच मजूर नेले, तेव्हा फ्रान्सने त्यांच्या परवान्यांचा प्रश्न काढला. १९९० च्या निकालात न्यायालयाने परवान्याची अट अमान्य केली. परंतु आपल्या भूमीवर काम करणाऱ्या सर्वांना आपले किमान वेतन व सामूहिक करार लावण्याचा फ्रान्सचा अधिकार मान्य केला. त्यातून १९९६ चा ‘पाठविलेल्या कामगारां’विषयीचा आदेश जन्मला. किमान वेतन व समान वेतन यांतील फरक मात्र शिल्लक राहिला. स्वीडनमधील व्हॅक्सहोम येथे शाळेच्या इमारतीचे काम घेतलेल्या लाटव्हियन कंपनीस स्थानिक संघटनांनी नाकेबंदी करून अडविले, तेव्हा २००७ मध्ये न्यायालयाने संघटनांविरुद्ध कौल दिला. त्याबद्दल कामगार संघटनांत तीव्र नाराजी पसरली. पुढे २०१८ च्या दुरुस्तीने, ३० जुलै २०२० पासून, केवळ किमान नव्हे तर त्या ठिकाणच्या कामगारांइतकेच वेतन देणे बंधनकारक झाले.

कर : कराच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उद्भवला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९६३ च्या नमुना-करारानुसार पगारावरील कर काम जेथे केले तेथे लागतो. मात्र वास्तव्य १८३ दिवसांहून अधिक नसेल आणि पगार देणारा मालक त्या देशाबाहेरचा असेल, तर तो तेथे लागत नाही. या दुसऱ्या अटीचा फायदा घेण्यासाठी परदेशातील एखादी मध्यस्थ संस्था कागदावर मालक म्हणून दाखविण्याची युक्ती रूढ झाली. त्यावर संघटनेने १९९२ मध्ये भाष्य केले, की कामावर देखरेख कोणाची, जोखीम कोणाची, हत्यारे कोणाची हे पाहून मालक ठरवावा. वेतनाची पावती कोणाच्या नावाची, यावर ते ठरत नाही. कंपन्यांना वाटणारी भीती आणखी एक आहे : परदेशात बसलेला एखादा कर्मचारी कंपनीच्या वतीने करार करू लागला, तर कंपनीचे तेथे ‘कायम आस्थापन’ आहे असे मानून तिच्या नफ्यावरही कर लागू शकतो.

कागदोपत्री मालक : या साऱ्या गुंतागुंतीवर उपाय म्हणून ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ ही संस्था पुढे आली. परदेशी कंपनीची त्या देशात शाखा नसली, तरी ही संस्था स्थानिक कायद्यानुसार माणसास आपल्या नावावर नेमते, पगार, कर व विमा भरते आणि कंपनीकडून खर्च व शुल्क घेते. २०२० च्या करोना साथीनंतर घरून काम करण्याची प्रथा वाढली, तसा तिचा प्रसार झाला. फ्रान्सने याच्याशी मिळतीजुळती पद्धत २००८ मध्ये स्वतंत्र कायद्याने मान्य केली. जर्मनीत मात्र असा व्यवहार १९७२ च्या कायद्याच्या कक्षेत येतो आणि परवान्याचा व मुदतीचा प्रश्न उभा राहतो.

अशा मध्यस्थाची उपयुक्तता नाकारता येत नाही, कारण नियमांचे वैचित्र्य खरोखरच थक्क करणारे आहे. ब्राझीलमध्ये १९६२ पासून व फिलिपीन्समध्ये १९७५ पासून वर्षाचा तेरावा पगार कायद्यानेच देय आहे. भारतातील १९६५ च्या बोनस अधिनियमातील किमान ८·३३ टक्के म्हणजेही वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्साच. पुण्यात एखादा कर्मचारी ठेवणाऱ्या परदेशी कंपनीस फेब्रुवारीच्या पगारपत्रकात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रु. कापलेला दिसतो व ती चूक समजून विचारणा होते. ती चूक नसते. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची वार्षिक मर्यादा २,५०० रु. ठरविली आहे आणि अकरा महिन्यांचे २,२०० रु. झाल्यावर उरलेले ३०० रु. महाराष्ट्रात फेब्रुवारीत कापले जातात. शेजारच्या राज्यात हिशेब वेगळा. अशा बाबी स्थानिक कारकुनाच्या बोटांवर असतात. दूरच्या कंपनीस त्या पुस्तकातून कळत नाहीत. कित्येक मालक या कटकटीस कंटाळून माणसास ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हणून ठेवतात व त्याचे मासिक बिल चुकते करतात. वेळ, पद्धत व देखरेख ही सर्व मालकाचीच असली, तर न्यायालये अशा सल्लागारास कर्मचारीच मानतात आणि मग मागील सर्व वर्षांची थकबाकी एकदम उभी राहते.

भारतीयांचे परदेशी सेवायोजन : १९७३ नंतर तेलाचे भाव वाढून आखाती देशांत बांधकामांची लाट आली व मुंबई हे भरतीचे मोठे केंद्र बनले. गिरमिटासाठी रचलेला १९२२ चा अधिनियम या नव्या परिस्थितीस अपुरा ठरला. मुंबईत एक करार व तेथे उतरल्यावर कमी पगाराचा दुसरा, असे प्रकार सर्रास घडत. पारपत्र मालकाच्या कपाटात गेल्यावर तक्रारीस वावच उरत नसे. स्थलांतर अधिनियम, १९८३ हा त्या वर्षीच्या ३० डिसेंबरपासून अंमलात आला. त्याने भरती-प्रतिनिधीस नोंदणी सक्तीची केली, त्याच्या शुल्कास मर्यादा घातली आणि अडकलेल्या कामगारास परत आणण्याच्या खर्चासाठी त्याच्याकडून तारण घेण्याची व्यवस्था केली. १८४२ मधील ‘प्रोटेक्टर’ हे पदनाम या अधिनियमातही कायम राहिले. पगार खरोखर मिळाला की नाही, हे पाहण्याची सोय मात्र भारतीय कायद्याच्या हाती नव्हती. संयुक्त अरब अमीरातींनी २००९ मध्ये वेतन बँकेमार्फतच देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा प्रथमच थकलेल्या पगाराची नोंद शासनाच्या नजरेस आपोआप येऊ लागली.

शिकलेल्यांची वाट निराळी होती. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचे काम घेतले आणि तंत्रज्ञ परदेशी ग्राहकाच्या कचेरीत, पगार मात्र भारतीय कंपनीचा, हा प्रघात पुढे रूढ झाला. अमेरिकेने १९९० मध्ये अशा तंत्रज्ञांसाठी ‘एच-१बी’ हा व्हिसा निर्माण केला व त्या भागातील प्रचलित वेतनाहून कमी देता येणार नाही, अशी अट घातली. काही मजूर-पुरवठादार कंपन्या काम नसलेल्या दिवसांचे वेतन देत नसत. १९९८ च्या दुरुस्तीने त्यांना तेही देणे भाग पडले.

सामाजिक विम्याचा प्रश्न यापेक्षा चिवट ठरला. अमेरिकेत निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या वर्गण्या लागतात, तर एच-१बी व्हिसाची सामान्य मुदत सहा वर्षांची. अशा वर्गण्या दोन्हीकडे भराव्या लागू नयेत म्हणून देशादेशांत सामाजिक सुरक्षा करार केले जातात. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी २००६ मध्ये झाला व तो १ सप्टेंबर २००९ पासून लागू झाला. त्यानुसार पाच वर्षांपर्यंत पाठविलेला कर्मचारी स्वदेशाच्याच योजनेत राहू शकतो. मधल्या काळात, १ ऑक्टोबर २००८ रोजी, भारताने आपल्या भविष्य निर्वाह निधी योजनेत ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ हा वर्ग निर्माण केला व करार नसलेल्या देशांतून भारतात येणाऱ्यांस पूर्ण पगारावर वर्गणी लावली. करार करण्यास इतर देश प्रवृत्त व्हावेत, हा त्यामागील एक हेतू मानला जातो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. अमेरिकेशी करार करण्याची बोलणी अनेक वर्षे चालली, परंतु २०२४ अखेरपर्यंत तो झालेला नव्हता. त्यामुळे व्हिसाची सहा वर्षे पूर्ण करून पुण्यास किंवा नागपुरास परतलेल्या तंत्रज्ञाच्या पगारातून व तेवढ्याच प्रमाणात त्याच्या मालकाकडून कापलेली वर्गणी अमेरिकेच्या निधीतच राहिली. तीवर त्यास निवृत्तिवेतन मिळाले नाही आणि ती परतही करण्यात आली नाही.